शून्य कोणाच्या घरचं?

ज्या बाईंमुळे माझा भाऊ जिवंत आहे, त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. हे वाक्य मी आजवर पुष्कळ जणांना सांगितलंय आणि दर वेळी ऐकणारा माझ्याकडे जरा संशयानेच बघतो. बघू देत. एलिनॉर व्हॅन्स या बाईंचे उपकार मी विसरलेले नाही, विसरणारही नाही, आणि हे लिहायला बसले तेही त्यासाठीच.

माझा धाकटा भाऊ सुयोग जहाजावर मोटरमन आहे, म्हणजे इंजिनाच्या खोलीत यंत्रांची देखभाल करणारा. आमचं गाव गुहागरच्या खालच्या अंगाला. तिथे दर दोन-तीन घरांमागे एक पोरगा समुद्रावर असतो, त्यामुळे तो जहाजावर गेला याचं कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते त्याचं तेलवाहू जहाज कारवेना नावाच्या देशाने अडवलं तेव्हा. तेलाची चोरटी वाहतूक, असा आरोप होता. मालक भलत्याच देशात बसलेला, कप्तान आजारपणाचं निमित्त काढून निसटला, आणि तुरुंगात गेले ते खालच्या खोलीतले सहा खलाशी. खटला नाही, तारीख नाही. महिन्याकाठी एक फोन.

फोनवर सुयोग म्हणायचा, "मी बरा हाय." एकदा त्याने आईला विचारलं, "आई, आपला पुढचा दार उघडा हाय ना?" आई म्हणाली, "हाय रे बाबा, सताड उघडा हाय." तेवढ्यावर फोन बंद झाला आणि आई दिवसभर ओट्यावर बसून राहिली.

आता यंत्राबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत जे काही बरंवाईट झालं ते त्याच्यामुळेच.

सिमेंटची भिंत आपल्याला मुकी वाटते, पण ती मुकी नसते. खोलीत माणसं श्वास सोडतात. त्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड सिमेंटच्या गिलाव्यात मुरतो आणि गिलावा बाहेरून आत, वर्षावर्षाला थोडा थोडा, चुनखडीसारखा कडक होत जातो. कडक होताना तो घामातून उडालेले वायूही आपल्या बारीक छिद्रांत कोंडून ठेवतो. म्हणजे भिंतीत जितकं खोल जावं तितका जुना काळ सापडतो. भ्यालेल्या माणसाचा घाम आणि उन्हाने आलेला घाम यांत काही रेणूंचं प्रमाण वेगळं असतं. कोठडीच्या भिंतीतून पेन्सिलीएवढा तुकडा काढायचा, तो लेसरने थराथराने तापवायचा, निघालेले वायू मोजायचे, की त्या खोलीत माणसं किती भ्याली होती याचा एक आकडा मिळतो. त्याला भयांक म्हणतात. कैद्याला धमकावून गप्प करता येतं, डॉक्टरच्या दाखल्यात हवं ते लिहून घेता येतं. भिंतीचं तसं नाही. ती वरून रंगवली तरी आतलं आतच राहतं.

फक्त एक मेख होती. कोंडलेला माणूस थोडाफार भीतच असतो, मग त्याला कुणी बोट लावो न लावो. तेवढी भीती वजा करायला हवी. म्हणून एक नमुना ठरवावा लागला: जिथे माणसं कैदेत आहेत, पण माणुसकीने वागवली जाताहेत, अशा जागेची भिंत. त्या भिंतीचा भयांक शून्य धरायचा आणि बाकी जगाचा त्यावरून मोजायचा. यंत्र आलं तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाने पुढे होऊन आपल्या एका बेटावरच्या आदर्श बंदिगृहाच्या भिंतीचे ठोकळे दिले. पैसा त्यांचा, यंत्र त्यांचं, तुरुंग तपासण्याचा देशोदेशींचा करारही त्यांच्याच पुढाकाराने झालेला. कोण नाही म्हणणार? त्या ठोकळ्यांना आम्ही शून्य-वीट म्हणायचो, आणि त्या देशाला थोरलं घर.

आम्ही म्हणजे पुण्याजवळची एक प्रयोगशाळा. करारात अशी सोय होती की यंत्राचं शून्य बरोबर आहे याचा दाखला तिऱ्हाइताने द्यायचा. तो तिऱ्हाईत आम्ही. दाखल्यावर सही माझी, मुग्धा शिरधनकरची. सुयोगचं प्रकरण कराराखाली आलं तेव्हा मी आमचे प्रमुख डॉ. खांबेटे यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की भाऊ माझा आहे. ते म्हणाले, "मग कारवेनाच्या तुकड्याला हात लावायचा नाही. तुझं काम विटेचं, तुकडा मी बघतो." तसंच चाललं होतं.

सुयोगचं प्रकरण कराराखाली आणलं ते व्हॅन्सबाईंनी. त्या थोरल्या घराच्या तपासणी खात्यात मोठ्या हुद्द्यावर. सहा खलाशी, त्यातले तीन हिंदुस्थानी, दोन फिलिपिनो आणि एक घानाचा. यांच्यासाठी कुठला देश आपला व्यापार धोक्यात घालतो? पण बाईंनी कारवेनाला तीन वेळा चकरा मारल्या, तिथल्या मंत्र्याशी भांडल्या आणि कोठडीच्या भिंतीचा तुकडा घेऊनच परतल्या. भयांक आला त्रेचाळीस. चाळीसच्या वर गेलं की परदेशी कैदी सोडायचे, नाहीतर व्यापार बंद, असा करार होता. बाईंनी मला स्वतः फोन केला. म्हणाल्या, "मिस शिरधनकर, सोमवारी सुटकेच्या कागदांवर सह्या होतील. तुमच्या आईला सांगा." मी फोनवरच रडायला लागले. त्या थांबून राहिल्या, मी रडणं थांबवेपर्यंत. मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला तेवढा वेळ असतो हे मला ठाऊक नव्हतं.

आईने गावात नारळ वाटले. सुयोगची खोली चुन्याने पांढरी केली आणि त्याला आवडते म्हणून सुक्या बांगड्याची बरणी भरून ठेवली.

आता आमच्या प्रयोगशाळेतली एक गंमत सांगते. यंत्र नवं आलं तेव्हा आम्ही हौसेने सगळ्या ओळखीच्या भिंती तपासून पाहिल्या होत्या. पुण्यातल्या एका वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या दालनाचा भयांक आला उणे बावन्न. तिथे निवृत्त मंडळी दुपारी पेपर तोंडावर घेऊन झोपतात. आमच्या कँटीनचा उणे अठ्ठेचाळीस. एका शाळेच्या वर्गाचा मात्र उणे वीसच निघाला. चौकशी केली तर तिथे गणिताचे तास होत. आम्ही हसून लोटपोट. पुणेकर कुणाच्या बापाला भीत नाहीत हे शास्त्राने सिद्ध झालं, असं खांबेटे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. यात कुणालाच काही खटकलं नाही. शून्य म्हणजे कैदखाना, मग मोकळ्या जागा शून्याच्या खाली असणारच, इतका साधा हिशेब. आपण किती बिनधास्त आहोत या कौतुकात आम्ही वर्षभर मश्गूल होतो.

सह्यांच्या आधीच्या गुरुवारी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिका विद्यार्थ्यांना यंत्र दाखवायला घेऊन आल्या. सोबत दोन तुकडे होते, रीतसर परवानगीने काढलेले. एक होता खुल्या कारागृहातला, जिथे कैदी शेती करतात आणि संध्याकाळी आपणहून बराकीत परततात. दुसरा एका पाडलेल्या पोलीस कोठडीचा. तिथली मारहाण त्या भागात सगळ्यांना ठाऊक होती. मी मुलांसमोर पहिला तुकडा लावला. आकडा आला उणे पंचेचाळीस.

मुलं हसली. मीही हसले आणि अर्ध्यातच थांबले.

बराकीतली माणसं कैदी होती. घर नाही, बायकापोरं नाहीत, शिक्षा आहेच. शून्य व्हायला हवं ते इथे. मग हे आमच्या कँटीनच्या शेजारी जाऊन कसं बसलं? मी दुसरा तुकडा लावला. मार खाणाऱ्यांच्या कोठडीचा आकडा आला उणे चार. म्हणजे त्या बेटावरच्या आदर्श बंदिगृहात माणसं आमच्या त्या बदनाम कोठडीपेक्षाही जास्त भीत होती.

मुलांना चहाला पाठवलं आणि खांबेट्यांना बोलावून आणलं. त्यांनी दोन्ही तुकडे स्वतः पुन्हा लावले, वीट बदलून पाहिली, यंत्र थंड करून पुन्हा सुरू केलं. आकडे हलले नाहीत.

"वीट खोटी नाही, खरीच आहे," ते म्हणाले. "फक्त ती शून्य नाही. खरं शून्य पंचेचाळीसने खाली आहे."

"म्हणजे बेटाचाच भयांक पंचेचाळीस."

"हो. चाळीसच्या वर." ते स्टुलावर बसले. "स्वतःच्या घराला शून्य ठरवलं की आपल्या घरात कधीच काही सापडत नाही. मुद्दाम केलं असेल असंही नाही गं. आपणही वर्षभर हसतच होतो ना?" मग बोट वर करून म्हणाले, "आणि एक. आपल्या कोठडीचाही एक्केचाळीस होतो. अहवाल लिहिशील तेव्हा ते पहिलं लिही. नाहीतर आपणही नाकाने कांदे सोलणारेच."

माझ्या डोक्यात मात्र सोमवार होता. सह्यांच्या कागदाला दाखला जोडायचा होता: शून्य बरोबर आहे, मुग्धा शिरधनकर. तो दिला तर सुयोग घरी. नाही दिला तर सगळंच थांबणार.

शास्त्राच्या बाजूने पाहिलं तर कारवेना सुटत नव्हताच. शून्य खाली गेलं की सुयोगच्या कोठडीचे त्रेचाळीस वाढून अठ्ठ्याऐंशी होत होते. दोषी ठरलेला एकही देश निर्दोष होत नव्हता. उलट आजवर काठावर पास झालेले कितीतरी तुरुंग पकडले जाणार होते. पण हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला कोण समजावणार? न्याय करणाराच गुन्हेगार निघाला एवढंच लोकांना कळणार आणि कारवेनाचा मंत्री तेवढंच उचलून धरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

शुक्रवारी आईला फोन केला. सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून. आई शाळा शिकली नसली तरी तिला मुद्दा माझ्याआधी कळतो.

"म्हंजे त्या बेटावं पन कुनाची पोरा कोंडलीत?"

"हो."

"आनि तू बोललीस तर आपला सुयोग येत नाय."

"लगेच नाही येणार. कधी येईल सांगता येत नाही."

मग आई म्हणाली, "मुग्धे, गप रव. माझा पोर आदी घरी येऊं दे गो. मंग काय ता बोल. देव पन तुला दोष देनार नाय."

मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. खरं सांगायचं तर माझ्या जागीही मला तेच म्हणावंसं वाटत होतं.

मग व्हॅन्सबाईंना फोन केला. त्यांनाही सगळं सांगितलं. मग त्यांनी आकडे पाठवायला सांगितले, ते वाचले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "दाखला द्या. सोमवारी सह्या होऊ देत. मंगळवारी हा अहवाल मी स्वतः मांडते, माझ्या नावाने. तुमचा भाऊ तोवर विमानात असेल."

त्या मनापासून म्हणत होत्या. आजही माझी खात्री आहे की मंगळवारी त्यांनी तो मांडला असता. माझ्या भावासाठी त्या आपल्या सरकारशी एक दिवस खोटं बोलायला तयार होत्या, आणि यापेक्षा मोठा उपकार माझ्यावर कुणी करू पाहिला नाही.

मी म्हटलं, "मिसेस व्हॅन्स, मंगळवारी सगळे विचारतील की सोमवारी हिला ठाऊक होतं का. भाऊ सुटावा म्हणून बहिणीने खोटं शून्य खरं म्हणून दिलं, असं निघालं की उद्या कुठल्याच भिंतीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. बाकीचे पाच खलाशीही परत आत जातील. त्यांनी मग कुणाकडे बघायचं?"

"आणि तुमचा भाऊ?"

मी नुसतं म्हटलं, "मला सही करता येत नाही." आणि मला इतकं रडू आलं की पुढचं बोलता येईना. या वेळीही त्या थांबून राहिल्या.

सोमवारी दाखल्याऐवजी आमचा अहवाल गेला. पहिल्या पानावर आमची कोठडी, एक्केचाळीस. दुसऱ्या पानावर बेट, पंचेचाळीस. सह्या झाल्या नाहीत.

पुढचे दिवस मी कशी वागले ते मला नीटसं आठवत नाही. कारवेनात मंत्र्याने भाषण ठोकलं. आम्हाला माणुसकी शिकवणाऱ्यांची भिंत बघा, आमचे तुरुंग स्वच्छ आहेत, यंत्राने आता साऱ्या जगाला तपासावं, आमच्यापासून सुरुवात करावी, असं तो टाळ्यांच्या गजरात बोलून गेला. थोरल्या घराने आमचा अहवाल म्हणजे तांत्रिक गैरसमज असल्याचं सांगितलं. आपल्याकडेही दोन-चार जणांनी मला कोठडीचं नाव काढल्याबद्दल देशद्रोही ठरवलं. आईने फोन घेणं बंद केलं. शेजारच्या वहिनी सांगत, बरी आहे, जेवते, फक्त तुझं नाव काढलं की उठून जाते.

आणि व्हॅन्सबाई? आमचा अहवाल खोटा ठरवण्याचं काम त्यांच्याच खात्याकडे आलं. त्यांच्याकडे कुठल्याही बंदिगृहात शिरायचा परवाना होता. तो घेऊन त्या बेटावर गेल्या आणि स्वतः उभं राहून वेगवेगळ्या कोठड्यांतून तुकडे काढवले. ते तुकडे त्यांनी तीन देशांच्या प्रयोगशाळांना एकाच वेळी पाठवले, म्हणजे कुणाला दाबून ठेवता येऊ नयेत. सगळ्यांचे आकडे आमच्या आसपासच निघाले, एका कोठडीचा तर बराच वर. दुसऱ्या दिवशी त्यांचा परवाना काढून घेतला आणि मग नोकरीही गेली. मला त्यांनी एका ओळीचा निरोप धाडला: तुमचं शून्य बरोबर होतं.

पुढे जे झालं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. कारवेनाचा मंत्री आपल्याच भाषणात अडकला. जगाला या म्हणून बसला होता, आणि जग कॅमेरे घेऊन आलं. नवं शून्य आता सगळ्या देशांतल्या खुल्या कारागृहांच्या भिंती मिळून ठरवलेलं होतं, कुणा एका घरचं नव्हतं. त्यावर सुयोगच्या कोठडीचे अठ्ठ्याऐंशी सरळ पडद्यावर दिसले. थोरलं घर पक्षपाती आहे हे म्हणायची सोयही उरली नव्हती, कारण त्याच पडद्यावर त्याचंही बेट होतं. सहाही खलाशी सुटले. पाच महिने उशिरा, पण सुटले.

सुयोगला आणायला मी मुंबईला विमानतळावर गेले. त्याच्या डाव्या कानाला आता ऐकू येत नाही, म्हणून गाडीत मी त्याच्या उजव्या बाजूला बसले. महाडपर्यंत मला विचारायचं धाडसच झालं नाही. शेवटी म्हटलं, "सुयोग, तू पाच महिने आधी सुटला असतास. मी अडवलं. तुला कुणी सांगितलं का?"

"सांगितला ना. वॉर्डरनीच सांगितला. नाचत हुते ते." तो बाहेर बघत होता. "त्या दिवशी मला तुजा लय राग इला, ताय. खोटा कशाला बोलू?"

"मग?"

"मंग दुसऱ्या दिवसापासना मारना बंद झाला. कॅमेरेवाले येनार म्हनून. जेवनात मासळी यायला लागली. आमी सगले बघतच रवलो." तो माझ्याकडे वळला आणि चक्क हसला. "दोन मोठे मानूस आपल्यात कोन जास्त साफ म्हनून भांडले, की निदान दोघांना आंगोल तरी करावी लागते. तेवडी झाली. आनि ताय, कान ह्या पाच महिन्यांत नाय गेला. तो आदीच गेलावता."

मी रस्त्यातच गाडी थांबवायला लावली आणि उतरून जरा वेळ उभी राहिले. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

घरी आईने सुयोगला ओवाळलं, जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मला पानावर वाढलं, पण बोलली नाही. सुयोग समोर बसून जेवतोय एवढं माझ्या डोळ्यांनी दिसत होतं, मला तेवढं पुष्कळ होतं.

दुसऱ्या आठवड्यात एके सकाळी व्हॅन्सबाईंचा फोन आला. आता त्या कुठल्याच खात्यात नाहीत. कैद्यांच्या घरच्यांना मदत करतात, पदरमोड करून. म्हणाल्या, "बेट रिकामं होतंय. तिथून सुटलेला पहिला माणूस तादेओ नावाचा एक कोळी आहे, सागरी हद्द ओलांडली म्हणून धरलेला, नऊ वर्षं आत होता. त्याची आई माझ्या शेजारी बसली आहे. जिच्या मुलीने सही केली नाही त्या बाईशी तिला बोलायचंय."

मी फोन आईच्या हातात दिला. "बेटावरच्या एका मुलाची आई आहे," एवढंच सांगितलं.

आईने फोन कानाला लावला. पलीकडून एक म्हातारा आवाज भरभर काहीतरी बोलत होता, मधेच हुंदका, मधेच हसू. त्या भाषेतलं अक्षरही आम्हाला कळत नव्हतं. आई ऐकत राहिली. मग मराठीतच बोलू लागली. "इला ना घरी? बस झाला. आता रडू नुको, बाय. त्याला जेवाया घाल. माझापन इलाय. हो, माझापन." त्या दोघी अशा बराच वेळ बोलत होत्या, आणि एकीचंही काही अडलं नाही. मी दाराशी उभी होते. सुयोगही येऊन उभा राहिला.

मग आईने फोनवर तळहात घट्ट दाबून धरला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"मुग्धे, मी तुला तवा गप रव म्हटलेला, ता हिला कदी सांगू नुको हां."